गुणा पोचली. पायी.

गुणामावशी माझ्या दारात पहिल्यांदा आली ती सूड उगवायला. रविवार होता, सकाळचे सहा वाजत होते आणि मला निवृत्त होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. दार उघडलं तर समोर गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायात शाळेतल्या पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पाठीवर नातवाचं कार्टूनवालं दप्तर. मागे पाच-सहा हातांवर तिचा नवरा दामूमामा उभा. तिच्या मनगटापासून त्याच्या मनगटापर्यंत एक सुताची दोरी बांधलेली.

"कारकून, वलाखलंस मना?"

ओळखलं म्हणजे काय, चांगलंच ओळखलं. मी ज्या सरकारी कचेरीत बसायचो (नाव लिहीत नाही, पेन्शन अजून चालू आहे), तिथे ही बाई एक अर्ज घेऊन आली होती. एकदा नाही, सात वेळा. सातही वेळा मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि संध्याकाळी सांगितलं, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या.

"सात वेला बसवलंस मना बाकावर," ती म्हणाली. "मी मोजलंय. सात डोंगर तुज्या नावावर लावलेत. पायात काय तरी घाल आनि चल."

मी गुडघ्यांचं नाव काढलं. आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "घेऊन जा हो त्यांना. पंधरा दिवस नुसते सोफ्यावर पडून आहेत." झालं! घरचाच माणूस फितूर झाल्यावर काय करणार? मी चपला घातल्या. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आज फोड येतील, मंग अक्कल येईल." फोड आले. अक्कल यायला जरा वेळ लागला.

आता तो अर्ज कशाचा होता ते सांगतो, म्हणजे बाई अशी का वागत होती ते कळेल. भिवंडीजवळ पूर्णा गावाच्या बाजूला गोदामांचा पट्टा आहे, तिथलं तिचं गाव. माहेर खाली खाडीजवळ, सासर वरच्या पाड्यात. मध्ये शेतं होती आणि त्या शेतांतून खाडीकाठच्या मसणवट्यापर्यंत एक पायवाट जात होती. वरची काय, खालची काय, सगळी माणसं शेवटची त्याच वाटेने जायची. मग शेतं गेली, गोदामं आली. गुणामावशीच्या सख्ख्या धाकट्या भावाने, जनार्दनने, आपल्या गोदामांभोवती भिंत घातली आणि ती वाट भिंतीच्या पोटात गेली. गाव त्याला जनाशेठ म्हणतं. कोणी ब्र काढला नाही, कारण निम्म्या गावाची पोरं त्याच्याच गोदामांत कामाला.

गुणामावशी आणि दामूमामा तेव्हा दोघंही भिवंडीत एका लूम-कारखान्यात होते. ती कांड्या भरायची, म्हणजे लूमसाठी नळ्यांवर सूत गुंडाळायची; तो जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. एके दिवशी सकाळी गावाकडून निरोप आला, आई गेली. दोघं ड्युटी सोडून धावले. सवयीने जुन्या वाटेने गेले आणि भिंतीशी अडकले. वॉचमन नवा होता. तो म्हणाला, "अम्मा, रास्ता बंद है." तिने भावाला फोन लावला. दामूमामाला कारखान्याच्या खडखडाटाने बहिरेपण आलेलं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे जनाशेठ काय बोलला ते वॉचमनने ऐकलं, गेटवरच्या हमालांनी ऐकलं.

"फिरून ये. हायवेवरून."

एवढंच. तिने रिक्षा केली. हायवेवर कंटेनर अडकलेले. गाडी मुंगीच्या पावलाने. ती पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. कोणीतरी म्हणालं होतं की गुणा येईपर्यंत थांबू या, त्यावर जनाशेठ म्हणाला होता, "ऊन चढतंय."

"मी आयचं तोंड न्हाय बगितलं," हे ती मला पहिल्याच डोंगरावर सांगत होती. रडत नव्हती. चढत होती आणि सांगत होती, आणि मी मागे धापा टाकत ऐकत होतो. "माजी चूक काय, ठाव हाय? मी रिक्षात बसली. भिंतीच्या कडंकडंनं, गटारातनं चालत गेली असती तरी पोचली असती. त्या दिवसापासनं ठरवलं. पाय हायेत तवर गाडीत बसायचं न्हाय. आनि जनाला इसरू द्यायचं न्हाय."

वाट मोकळी करा, असा तो अर्ज होता. तो माझ्या टेबलावर आला आणि दुसऱ्याच दिवशी जनाशेठचा मला फोन आला. "भाऊ, जरा सावकाश घ्या." मी सावकाश घेतलं. एक पैसा घेतला नाही, देवाशपथ सांगतो. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला भाऊ म्हटलं याचंच मला कोण कौतुक! कागद खाली-खाली सरकत गेला आणि एक दिवस कपाटात गेला. लाच खाणारा निदान काहीतरी खातो. मी नुसता शेपूट हलवत बसलो होतो.

पहिला डोंगर गुमतारा. दुगाडच्या बाजूने चढलो. मी म्हणजे वीस किलो कमी करायचं राहिलेलं पोतं, आणि ती दोघं पुढे टुकूटुकू चाललेली. तेव्हा मला त्या दोरीचा अर्थ कळला. मामाला हाक ऐकू येत नाही आणि रानात वळून-वळून बघत चाललं तर पाय मुरगळतो. म्हणून दोरी. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, तीन म्हणजे इकडे ये, काहीतरी बघण्यासारखं आहे. लूमवरच्या सुताची, तीन पदरी, मामाने स्वतः वळलेली. भांडण झालं तरी ती दोरी सुटायची नाही. एकदा माहुलीवर दोघांचं कडाक्याचं वाजलं, मामाने पाण्याची बाटली खालीच विसरली म्हणून. दोन तास दोघं एकमेकांशी बोलली नाहीत, पण दोरीवर दोन हिसके बरोबर पडत होते.

तिचे नियम साधे होते. बसायचं नाही, उभ्याने दम घ्यायचा. "बसला की पाय माजतान," ती म्हणायची. पाणी घोट-घोट. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट. मी ब्राह्मण आळीतला, आयुष्यात सुकटीला नाक मुरडलेला माणूस. तिसऱ्या डोंगरावर मुकाट्याने हात पुढे केला. तिने भाकरीवर भरपूर वाढलं आणि म्हणाली, "खा. तुज्या कचेरीत मना पानीसुदा न्हाय विचारलंस." सुकट घशाखाली उतरेना आणि थुंकताही येईना. असली बाई होती. वाढायची मन लावून, आणि वाढता-वाढता हाणायची.

पण खरी गंमत डोंगरावर नव्हती, गेटवर होती. कुठेही जायचं असो, सुरुवात जनाशेठच्या गेटपासून आणि शेवटही तिथेच. भिंतीने वाट जिथे कापली होती, बरोबर त्या ठिकाणी ती सकाळी उभी राहायची आणि वॉचमनला म्हणायची, "लिख. गुना निकली." आत-बाहेर जाणारा प्रत्येक माणूस वहीत लिहायचा असा शेठचाच हुकूम होता. वॉचमन हात जोडायचा, "अम्मा, सेठ गुस्सा करते हैं." "करने दे. तू अपनी ड्युटी कर." तो लिहायचा. दोन-तीन दिवसांनी परत आली की पुन्हा, "लिख. गुना आयी." जनाशेठ दर सोमवारी ती वही तपासायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसरं हत्यार मी तिच्या हातात दिलं, ते म्हणजे व्हॉट्सॲप. प्रत्येक माथ्यावर मी दोघांचा फोटो काढायचा आणि जनाशेठला पाठवायचा. खाली मजकूर एकच, तिने सांगितलेला, काना-मात्रा बदलायची नाही: 'गुणा पोचली. पायी.' गुमताऱ्यावरून, माहुलीवरून, तुंगारेश्वरावरून, मलंगगडावरून. दोन निळ्या खुणा लगेच उमटायच्या. उत्तर नाही. एकदा मात्र आलं. कामणदुर्गावर होतो आणि मामाच्या पायात गोळे आले होते. जनाशेठने लिहिलं होतं, 'बाय, गाडी पाठवू का?'

मी वाचून दाखवलं. क्षणभर मला वाटलं, विरघळली. ती कातळाला टेकून उभी होती, मामाची पोटरी चोळून हात तेलकट झालेले. म्हणाली, "लिही. गाडी नको. भिंत काढ." मी लिहिलं. पुन्हा नुसत्या निळ्या खुणा.

मी एकदा म्हणालो, "मावशी, आता वय झालं तुमचं दोघांचं. भाऊच आहे शेवटी, सोडून द्या." तिने दोरीला एक हिसका दिला. मामा थांबला. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू सोडलंस ना? माजा कागद कपाटात सोडलास. सोडनारी मानसं लय बगितली मी. चल." आणि दोन हिसके. त्यानंतर मी तिला शहाणपण शिकवलं नाही.

सातवा डोंगर म्हणजे नाणेघाट. बाकीच्या डोंगरांना पायथ्यापर्यंत एसटीने जायची सवलत तिने मला दिली होती. ती दोघं आदल्या दिवशी चालत निघायची आणि मी पायथ्याशी गाठायचो. नाणेघाटाला तीही सवलत काढून घेतली. गेटपासून घाटमाथ्यापर्यंत चालत. चार दिवस लागले. कल्याण, मुरबाड करत, टोकावड्याच्या पुढे एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम करत गेलो. रस्त्यावरचे बाइकवाले थांबून विचारायचे, "आजी, नवस आहे का?" ती सांगायची, "नवस न्हाय, राग हाय." पोरं हसायची. तिला हसू यायचं नाही.

घाट चढून वर आलो. तिथे मोठा दगडी रांजण आहे. मी माझं वाचनातलं ज्ञान पाजळलं, की पूर्वी या वाटेने व्यापारी जायचे आणि जकात या रांजणात टाकायचे. ती रांजणाभोवती एक चक्कर मारून आली, आत डोकावली आणि मामाच्या दोरीला तीन हिसके दिले. मामा आला. ती त्याच्या तोंडासमोर, ओठ मोठे करून म्हणाली, "बगलंस? राजानं पैसा घेतला, पन वाट दिली." मग कड्याच्या टोकाशी गेली, पश्चिमेला तोंड करून हाताचा भोंगा केला आणि ओरडली, "जनाऽऽ! गुना हितं हाय!" आवाज कोकणात उतरत गेला. तिचे डोळे भरलेले मी तेवढे एकदाच पाहिले. लगेच लुगड्याच्या पदराने नाक पुसलं आणि मला म्हणाली, "कारकून, सात झाले. फिटलं तुजं. आता नको येऊस."

पुढच्या रविवारी सहा वाजता मी गेटवर हजर होतो. पायात बूट होते. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वॉचमनला म्हणाली, "लिख. गुना निकली. साथ में कारकून."

त्यानंतर माणसं वाढत गेली. मी कोणाला बोलावलं नाही, तिनेही नाही. पाड्यातल्या दोन विधवा आल्या, त्यांच्या नवऱ्यांना हायवेवरून टेम्पोत घालून न्यावं लागलं होतं. निवृत्त मास्तर आले, कारखान्यातल्या जुन्या कांडीवाल्या आल्या. शेलारहून एक जोडपं यायला लागलं. कधी तीस, कधी पन्नास म्हातारी माणसं रविवारी सकाळी गेटसमोर बूट बांधत उभी, आणि मागे कंटेनरची रांग. वॉचमनला सगळ्यांची नावं लिहावी लागायची. सोमवारी जनाशेठ पानंच्या पानं वाचत बसायचा म्हणे. म्हातारपणी एवढा आसुरी आनंद मला दुसऱ्या कशात मिळाला नाही, खोटं कशाला बोलू.

गेल्या थंडीत गुणामावशी गेली. डोंगरावर नाही, आजारपण नाही. सकाळी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, सूप हातातच राहिलं. आम्ही पोचलो तेव्हा मामा तिच्याशेजारी बसलेला. दोरी खुंटीवरून काढून त्याने स्वतःच्या मनगटाला बांधली होती, दुसरं टोक मांडीवर.

त्यांच्याकडे सवाष्ण बाई गेली की अंगावरची शेवटची साडी माहेरची लागते. भावाने आणायची, भावाने पांघरायची. ती आल्याशिवाय बाई उचलत नाहीत. जनाशेठ आला. हायवेवरून, मोठ्या गाडीतून, हिरवी जरीची साडी दोन्ही हातांवर घेऊन. डोळे लाल होते, ते मी नाकारत नाही. अंगणात दीडशे माणूस होतं. गर्दी बाजूला झाली. तो तिच्या पायांशी आला तसा मामा उठून मध्ये उभा राहिला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती ते कळत नाही; मामा बोलला ते रस्त्यापर्यंत गेलं.

"साडी खाली ठेव. आधी भिंत."

"दाजी, ही वेळ हाय काय?"

मामाने त्याचे ओठ वाचले. "हीच वेळ हाय. तिनंच सांगून ठेवलंय. भिंत हाय तवर जनाची साडी अंगावर न्हाय. बिनसाडीची जाईन म्हनली."

बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. जनाशेठने इकडे-तिकडे पाहिलं. चुलते मान खाली घालून उभे. रविवारची ती पन्नास म्हातारी माणसं एका बाजूला, सगळ्यांच्या पायात बूट. कोणीही त्याच्या मदतीला आलं नाही. त्याने खिशातून फोन काढला. गोदामाच्या आवारात जेसीबी उभाच असतो. वरून आम्हाला आधी धूळ दिसली, मग विटा पडल्याचा आवाज आला. मामाला आवाज आला नाही. मी त्याच्या दोरीला तीन हिसके दिले आणि बोट दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं. मग साडी उचलून जनाशेठच्या हातात दिली आणि जनाशेठने ती बहिणीच्या अंगावर घातली.

तिरडी उचलायची वेळ झाली. जनाशेठ खांदा द्यायला पुढे झाला. मामाने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"तू न्हाय. तू फिरून ये. हायवेवरून."

जनाशेठला ते शब्द ओळखू आले होते. गेटवरचा तो वॉचमन पण आला होता, त्याने मान फिरवली. जनाशेठ पाठमोरा झाला आणि गाडीकडे गेला.

आम्ही तिला जुन्या वाटेने नेलं. मामाने दोरीचं मोकळं टोक तिरडीच्या बांबूला बांधलं आणि पुढे उभा राहिला. पुढचा उजवा खांदा माझा होता. मी दोन हिसके दिले आणि मामा चालू लागला. भिंतीच्या खिंडारातून, गोदामांच्या मधल्या काँक्रीटवरून, पलीकडे उरलेल्या गवतातून खाडीपर्यंत. मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं लागली. ज्या बारा मिनिटांसाठी तिने एवढे डोंगर पालथे घातले ती ही, आणि माझ्या कपाटातल्या कागदात ती तशीच पडून होती.

लाकडं रचून झाली. एक चुलता मामाच्या समोर येऊन म्हणाला, "जना येईपर्यंत थांबू या का थोडं?"

मामाने आकाशाकडे बघितलं. "ऊन चढतंय," तो म्हणाला आणि अग्नी दिला.

ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या होत्या तेव्हा जनाशेठ पोचला. हायवेवर गाडी अडकली म्हणून मध्येच सोडून पळत आला होता. पायमोजे चिखलाने भरलेले, बूट हातात. आमच्यापासून वीस पावलांवर थांबला. त्याच्यासाठी कोणी बाजूला झालं नाही. मी फोन काढला, मागे वळून भिंतीच्या खिंडाराचा फोटो घेतला आणि नेहमीच्या माणसाला पाठवला, खाली नेहमीचा मजकूर.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून बघितला. 'गुणा पोचली. पायी.' माझ्या फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि जनाशेठ बूट हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसला.

मला त्याची दया यायला हवी होती. अजून आलेली नाही.